रुग्णालयात लीन पद्धत: सुरुवात डिस्चार्जपासून करा

पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयात तुमच्या गळ्यात नुकतीच 'क्वालिटी'ची जबाबदारी पडली असेल, तुम्ही इनचार्ज सिस्टर असाल किंवा स्वतःचं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. लीन म्हणजे वाया जाणारा वेळ आणि काम शोधून काढून टाकण्याची पद्धत. त्यावरची सादरीकरणं हवी तेवढी मिळतात. जपानी शब्दांनी डोकं भरून जातं, पण सोमवारी सकाळी वॉर्डात जाऊन नेमकं काय करायचं ते कळत नाही. म्हणून इथे एकच काम धरून शेवटपर्यंत नेलं आहे: बऱ्या झालेल्या पेशंटला घरी सोडणं.

लीनची पार्श्वभूमी थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटाकडे पैसा कमी होता आणि बाजारपेठही छोटी. तैइची ओहनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारखान्यात एक शिस्त बसवली: गिऱ्हाइकाच्या उपयोगाचं नसलेलं काम शोधायचं आणि काढून टाकायचं. रुग्णालयांनी ही पद्धत जोमाने उचलली ती २००० नंतर. अमेरिकेत सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन मेडिकल सेंटरचे तेव्हाचे प्रमुख डॉ. गॅरी कॅप्लन २००२ साली वरिष्ठ सहकाऱ्यांना घेऊन जपानचे कारखाने बघायला गेले आणि परतल्यावर अख्खं रुग्णालय त्या पद्धतीने चालवायला घेतलं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या फ्लिंडर्स मेडिकल सेंटरने २००३ पासून तातडीच्या विभागातल्या गर्दीवर हाच उपाय केला.

'पेशंट म्हणजे मोटार नव्हे' हा आक्षेप पहिल्याच बैठकीत येतो, बहुतेक वेळा सर्वात ज्येष्ठ डॉक्टरांकडून. आक्षेप बरोबर आहे. पण आपण उपचारांना हात लावतच नाही. आपण हात लावतो तो फाइल कुठे पडून राहते, रिपोर्ट कुणाची वाट बघतो, सिस्टर दिवसातून किती वेळा स्टोअरला फोन करते याला. दुसरी भीती कुणी बोलून दाखवत नाही: 'आता माणसं कमी करणार.' ती तुम्हीच आधी काढा. वाचलेल्या वेळामुळे कुणाची नोकरी जाणार नाही हे व्यवस्थापनाकडून सगळ्यांसमोर वदवून घ्या. व्हर्जिनिया मेसननेही असंच आश्वासन दिलं होतं. ते मिळत नसेल तर काम सुरूच करू नका, कारण तुमच्या घड्याळासमोर कुणी खरं काम दाखवणार नाही.

पायरी १: एकच वाट निवडा

नवखी माणसं हमखास ऑपरेशन थिएटर निवडतात, कारण तिथे पैसा दिसतो. मी ते सुचवणार नाही. तिथे सर्जन, भूलतज्ज्ञ, सीएसएसडी (उपकरणं निर्जंतुक करणारा विभाग) अशी बरीच मंडळी एकाच वेळी सांभाळावी लागतात आणि चूक झाली तर ती जिवाशी येते. डिस्चार्ज बरा. त्यात सगळे विभाग येतात, पेशंटला धोका कमी असतो आणि त्रास तर सगळ्यांनाच होत असतो.

शिवाय त्याचा हिशेब मालकाला लगेच पटतो. समजा ४० खाटा भरलेल्या असतात आणि सरासरी मुक्काम ४ दिवसांचा. म्हणजे रोज साधारण १० पेशंट घरी जातात. 'आज सोडा' असं डॉक्टर म्हणाल्यापासून खाट रिकामी व्हायला सरासरी ५ तास लागत असतील, तर रोज ५० खाट-तास गेले. भागिले २४ केलं की उत्तर दोनाच्या वर. तुमच्या ४० पैकी दोन खाटांवर कायम बरी झालेली माणसं बसून आहेत आणि खाली कॅज्युअल्टीत नवा पेशंट स्ट्रेचरवर आहे. दोन खाटा वाढवायला किती खर्च येतो हे मालकाला तोंडपाठ असतं.

पायरी २: घड्याळ घेऊन वॉर्डात उभे राहा

लीनचं निम्मं काम हेच आहे, आणि टाळलंही हेच जातं. केबिनमध्ये बसून 'डिस्चार्जला किती वेळ लागतो?' असं विचारलं की प्रत्येक विभाग आपापला वेळ सांगतो. बिलिंगवाले म्हणतात वीस मिनिटं, फार्मसी म्हणते दहा. सगळ्यांची बेरीज दीड तास होते आणि पेशंट मात्र संध्याकाळी पाचला निघतो. कुणी खोटं बोलत नसतं. दोन विभागांच्या मधला वेळ कुणाच्याच खात्यात नसतो, एवढंच.

एक कागद आखा. डावीकडे टप्पे लिहा: राऊंडला 'सोडा' म्हटलं, समरी (आजार आणि उपचारांचा डिस्चार्जचा सारांश) लिहायला घेतली, समरीवर सही झाली, उरलेली औषधं फार्मसीत परत गेली, बिल तयार झालं, विम्याचे कागद गेले, मंजुरी आली, पैसे भरले, इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवलेली नळी) काढलं, औषधं समजावून सांगितली, पेशंट वॉर्डाबाहेर पडला, खाट पुसून, चादर बदलून तयार झाली. समोर फक्त वेळ लिहायची. शेवटचा टप्पा गाळू नका. पेशंट गेला पण चादर तासभर बदलली नाही, तर पुढच्या माणसाला खाट मिळालेली नाही.

दहा-पंधरा डिस्चार्ज असे बघा. त्यात एखादा शनिवार येऊ द्या, रोख पैसे भरणारे आणि विम्यावरचे दोन्ही येऊ द्या. कागदावर कर्मचाऱ्यांची नावं नकोत. सिस्टरना, वॉर्डातल्या मामा-मावशींना (वॉर्डबॉय आणि आयांना) पहिल्या दिवशीच सांगा की मोजमाप फाइलचं आहे, त्यांचं नाही. मग खरोखर फाइलच्या मागे जा. ती टेबलावर पडून असेल तर तुम्हीही तिथेच थांबा.

साधारण असं चित्र दिसतं. पावणेदहाला राऊंडवर साहेब म्हणतात, 'यांना आज सोडा.' फाइल नर्सिंग स्टेशनच्या कोपऱ्यात जाते. आरएमओला, म्हणजे वॉर्ड सांभाळणाऱ्या निवासी डॉक्टरांना, तिन्ही वॉर्डांचा राऊंड संपवून मगच समऱ्या लिहायच्या असतात, त्यामुळे फाइल बारापर्यंत उघडत नाही. समरी लिहायला वीस मिनिटं. सही हवी तर साहेब ओपीडीत. उरलेली इंजेक्शनं मोजून झाली आहेत, पण मामा खाली एकदाच जाणार, दोन-तीन पेशंटची परतीची औषधं जमली की. बिलिंगला फाइल पोहोचते तेव्हा कालच्या सोनोग्राफीची नोंद झालेली नसते. फोन, पुन्हा फोन. बिल होतं तेव्हा पेशंटचा मुलगा जेवायला गेलेला असतो, कारण दुपारपर्यंत त्याला कुणी काहीच सांगितलेलं नसतं. मग एटीएम, मग गाडी. सगळ्यांच्या हातातलं खरं काम मिळून तासाभराचं. बाकी सगळा वेळ फाइल कुणाची तरी वाट बघत होती.

म्हणून 'भरभर काम करा' हा आदेश इथे निरुपयोगी आहे. आरएमओने वीस मिनिटांची समरी पंधरात लिहिली तरी पाचच मिनिटं वाचणार, आणि एखादं औषध चुकीचं लिहिलं जाण्याची शक्यता वाढणार ती वेगळीच.

पायरी ३: भिंतीवर मांडा

मोठा तपकिरी कागद भिंतीला चिकटवा आणि प्रत्येक टप्प्याची एक चिठ्ठी लावा. काम चालू असलेला वेळ हिरव्या पेनाने, वाट बघण्याचा वेळ लाल पेनाने. हे काम तुम्ही एकट्याने करू नका. सिस्टर, आरएमओ, बिलिंगचा कारकून, फार्मासिस्ट, विमा डेस्कवरची व्यक्ती आणि मामा, सगळे अर्धा-पाऊण तास एकत्र उभे राहिले पाहिजेत. बिलिंगच्या माणसाला वॉर्डात काय चालतं ते बहुधा इथेच पहिल्यांदा दिसतं.

लीनच्या पुस्तकांत वाया जाण्याचे सात प्रकार असतात आणि आठवा नंतर जोडलेला. पाठ करायची गरज नाही, भिंतीवर ते आपोआप सापडतात. वाट बघणं तर उघडच आहे. सिस्टरच्या खेपा, पेशंटला एक्स-रेसाठी दोनदा खाली नेणं, तीच माहिती तीन रजिस्टरांत लिहिणं, कपाटात साठवलेले सलाईनचे सेट, चुकलेलं बिल पुन्हा करणं, कुणी न मागितलेली तपासणी 'असू दे' म्हणून करणं. आठवा प्रकार म्हणजे माणसाची अक्कल न वापरणं. डिस्चार्ज का अडतो हे वॉर्डातल्या मावशींना अचूक ठाऊक असतं, फक्त आजवर त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

पायरी ४: कारण शोधा, माणूस नको

सर्वात लांब लाल रेघ घ्या आणि 'का' विचारत जा. समरी उशिरा का? आरएमओ बारानंतर लिहितात. का? तोवर राऊंड चालू असतो. मग राऊंडआधी का लिहीत नाहीत? आज कोण जाणार ते राऊंडमध्येच कळतं. आदल्या दिवशी का कळत नाही? साहेबांच्या मनात असतं, पण लिहून ठेवायला जागा नाही. इथे थांबायचं. आता तुमच्या हातात दुरुस्त करण्यासारखं काहीतरी आलं.

'आरएमओ आळशी आहेत' असं उत्तर आलं तर चुकीच्या दिशेला गेलात असं समजा. बहुतेक ठिकाणी आरएमओ वर्ष-दोन वर्षांनी बदलतात आणि समरीचा उशीर मात्र तसाच राहतो.

पायरी ५: एका वॉर्डात, एक आठवडा

एकाच वॉर्डात करून बघा. आधी लिहून ठेवा: काय बदलतोय, त्याने काय होईल असं वाटतं, कधी मोजणार. आठवड्याने बघा. जमलं तर ठेवा, नाही तर बदला. डिस्चार्जच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी उपयोगी पडणारे बदल हे:

संध्याकाळच्या राऊंडनंतर फळ्यावर 'उद्या बहुधा जाणारे' लिहायचे. खाट क्रमांक पुरे, आजाराचं नाव फळ्यावर नको. त्या पेशंटची कच्ची समरी रात्रपाळीचे आरएमओ तयार करतील. जास्तीची औषधं संध्याकाळीच परत जातील. बिलिंग त्यांचं त्या दिवसापर्यंतचं बिल काढून राहिलेल्या नोंदी रात्रीच मागवेल. सिस्टर नातेवाईकांना सांगेल, 'उद्या सकाळी साहेब बघतील, सगळं ठीक असलं तर सोडतील, गाडीचं बघून ठेवा.' यातला 'ठीक असलं तर' महत्त्वाचा. सकाळी ताप आला तर बेत रद्द होणार, आणि ते आधीच बोललेलं असलं की भांडण होत नाही. सकाळचा राऊंडही जाणाऱ्या पेशंटपासून सुरू करायचा. हा शेवटचा बदल फुकटातला आहे आणि त्यालाच सर्वात जास्त मनधरणी लागते, कारण प्रत्येक साहेबांची राऊंडची वाट ठरलेली असते.

एक खबरदारी घ्याच. रात्री लिहिलेली समरी ही कच्चीच समजायची. सकाळच्या तपासणीनंतर औषधांची यादी डॉक्टरांनी ओळ न् ओळ वाचल्याशिवाय सही करायची नाही. सोबत एक उलटा आकडाही मोजत राहा: किती जण काही दिवसांत परत भरती झाले, किती जणांनी घरी गेल्यावर 'ही गोळी कधी घ्यायची' असा फोन केला. वेळ घटली आणि फोन वाढले, तर तुम्ही सुधारणा केलेली नाही, फक्त गडबड दाराबाहेर ढकलली.

विम्याचं काय? 'ते आपल्या हातात नाही' हे अर्धंच खरं. विमा नियामक आयआरडीएआयने मे २०२४ मध्ये काढलेल्या परिपत्रकानुसार कॅशलेस पेशंटच्या डिस्चार्जची अंतिम मंजुरी रुग्णालयाची विनंती मिळाल्यापासून ३ तासांत द्यायची आहे. पण ते ३ तास तुमचे कागद पोहोचल्यावर सुरू होतात. तुमच्याकडून समरी आणि बिल दोनला गेलं तर मंजुरी पाचला आली तरी ती वेळेत. कागद अकराला जातील एवढं बघणं मात्र पूर्ण तुमच्या हातात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या पेशंटना बिल भरायचं नसतं, पण कागदपत्रं असतातच. उद्याची यादी आरोग्यमित्रांना (योजनेचं काम बघणाऱ्या रुग्णालयातल्या मदतनीसांना) आदल्या संध्याकाळीच द्या.

पायरी ६: सामानाची शिस्त

आवराआवरीची पाच कलमं, म्हणजे नको ते काढणं, जागा ठरवणं, स्वच्छता, सगळीकडे एकच पद्धत आणि ती टिकवणं, रुग्णालयांत बऱ्यापैकी माहीत असतात. सरकारी रुग्णालयांत २०१५ पासून कायाकल्प या स्वच्छतेच्या सरकारी योजनेत याच अंगाने गुण मिळतात. अडचण अशी की तपासणीच्या आठवड्यात जागा आखायला जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारल्या जातात आणि महिन्याभरात त्यांच्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर उभा असतो.

त्यापेक्षा एकाच कप्प्यापासून सुरुवात करा. वॉर्डात इंट्राकॅथ दिवसाला १२ लागतात आणि इंडेंट (मागणीपत्र) टाकल्यावर स्टोअरमधून यायला २ दिवस लागतात असं धरा. गरज २४, अचानक लागतील म्हणून थोडे वर, म्हणजे ३०. दोन डबे करा, प्रत्येकात ३०. पुढचा डबा संपला की त्यावरचं कार्ड स्टोअरच्या पेटीत टाकायचं आणि मागचा डबा पुढे ओढायचा. मागचा संपायच्या आत नवा भरून येतो. मोजणी नाही, रजिस्टर नाही, रात्री दोनला शेजारच्या वॉर्डाकडे हात पसरणं नाही. नवा माल नेहमी मागे, म्हणजे मुदत संपलेलं काही तळाशी सापडत नाही.

हे करताना सिस्टरांच्या कपाटात लपवलेला साठा सापडेल, आणि तो सापडणारच. त्यावर रागावू नका. स्टोअर वेळेवर देत नाही हे अनुभवाने शिकलेल्या शहाण्या माणसाचं ते वागणं आहे. डबे वेळेवर भरून येऊ लागले की तो साठा आपोआप बाहेर येतो. क्रॅश कार्टला, म्हणजे आणीबाणीच्या औषधांच्या गाडीला, मात्र दोन डब्यांचा नियम लावू नका. ती यादीप्रमाणे पूर्ण भरून सील करायची आणि सील तुटलं की लगेच पुन्हा भरायची.

पायरी ७: चूक होऊच नये अशी रचना, आणि थांबवायचा हक्क

भूल देण्याच्या यंत्राला छोटा सिलिंडर जोडताना बघा. सिलिंडरच्या तोंडाला दोन भोकं असतात आणि यंत्राच्या जोडणीवर दोन खिळे. ऑक्सिजनसाठी त्यांच्या जागा २ आणि ५, नायट्रस ऑक्साइडसाठी ३ आणि ५. चुकीचा सिलिंडर बसतच नाही. 'काळजी घ्या' अशी पाटी लावण्यापेक्षा हे कितीतरी भक्कम आहे. वॉर्डातही असं पुष्कळ करता येतं. चुकून थेट टोचलं तर जीव घेणाऱ्या तीव्र पोटॅशियम क्लोराइडच्या अ‍ॅम्प्युल्स जनरल वॉर्डाच्या ट्रेमधून काढूनच टाका. सारख्या दिसणाऱ्या बाटल्या शेजारी ठेवू नका, मग त्यांची नावं वर्णानुक्रमाने लागोपाठ का येईनात.

याच्या जोडीला टोयोटाची दुसरी गोष्ट लागते: काही बिनसलं तर कामगार स्वतः उत्पादन थांबवू शकतो. व्हर्जिनिया मेसनने हाच हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला दिला: पेशंटला इजा होऊ शकेल असं दिसलं की इशारा द्यायचा आणि वरिष्ठांनी तातडीने यायचं. आपल्याकडे हे सर्वात अवघड आहे. 'सर, पेशंटच्या हाताच्या पट्ट्यावरचं नाव वेगळं आहे' असं मामांनी सर्जनला सांगायचं, हे किती रुग्णालयांत शक्य आहे? आदेश काढून ते होत नाही. पहिल्यांदा कुणी थांबवेल आणि शंका चुकीची निघेल, तेव्हा साहेब काय बोलतात यावर पुढचं सगळं ठरतं. त्या क्षणासाठी साहेबांना आधीच तयार करा.

रोज सकाळी फळ्यापाशी दहा मिनिटं उभ्याने बैठक घ्या, खुर्च्या नकोत. काल काय अडलं, आज काय अडेल, कोण बघणार, एवढंच बोलायचं. मामा-मावशींना आधी बोलू द्या. डॉक्टर आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात.

पायरी ८: टिकवणं, आणि ओपीडीकडे वळणं

जमलेली पद्धत एका पानावर, मराठीत, वॉर्डातल्याच माणसांकडून लिहून घ्या. प्रमुखांनी आठवड्यातून एकदा फळ्यापाशी येऊन 'कुठे अडतंय?' विचारलं पाहिजे. ते दोन आठवडे आले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात फळा कोरा दिसेल. कमी वेळेसाठी बक्षीस ठेवू नका, मग वेळा खोट्या लिहिल्या जातात. आणि सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी. गोंधळलेल्या कामाचं संगणकीकरण केलं की गोंधळ पक्का होतो.

ओपीडीला हात घालताना अडथळा जागा बदलतो हे लक्षात ठेवा. २०२२ पासून आभा या सरकारी डिजिटल आरोग्य खात्यावरून क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणीची सोय बऱ्याच रुग्णालयांत आली. केसपेपरची रांग कमी झाली आणि तीच माणसं डॉक्टरांच्या दाराशी जमली. तिथे गणित करा. ३ तासांत ६० पेशंट म्हणजे प्रत्येकी ३ मिनिटं. तपासायला ६ मिनिटं लागत असतील तर एक डॉक्टर कितीही धावले तरी पुरणार नाहीत. दुसरे डॉक्टर बसवा, किंवा ज्यांना फक्त रिपोर्ट दाखवायचा किंवा ड्रेसिंग करायचं आहे त्यांची वाट वेगळी करा. साठ जणांना एकाच वेळी नऊला बोलावणं मात्र आजच बंद करा.

दुर्मीळ माणसाचा वेळ कसा वाचवायचा याचा चांगला नमुना मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली ते ११ खाटांवर सुरू केलं. त्यांच्या डोळ्यांसमोर टोयोटा नव्हती, मॅकडोनाल्ड्स होतं. एका सर्जनला दोन टेबलं असतात. एकावर शस्त्रक्रिया चालू असताना प्रशिक्षित मुली दुसऱ्यावरच्या पेशंटची पूर्ण तयारी करून ठेवतात आणि सर्जन वळून लगेच पुढची सुरू करतात. इमारत बघू नका, सर्जनने काय काय करायचं नाही हे तिथे कसं ठरवलंय ते बघा.

डिस्चार्जचे आकडे दोन-अडीच महिने टिकले की दुसरा वॉर्ड घ्या. तिथे तुमचा तयार फळा नेऊन टांगू नका, मोजण्याचा कोरा कागद द्या. प्रसूती वॉर्डात समरी वेळेवर झालेली असते आणि सगळे बाळाच्या डॉक्टरांसाठी, लसीसाठी आणि जन्मनोंदणीच्या फॉर्मवर नाव-पत्ता नीट लिहून होण्यासाठी थांबलेले असतात. तिथली लाल रेघ तिथल्या सिस्टरलाच सापडली पाहिजे.